मोठ्या आतड्यापर्यंत काय पोहोचतं? जिवाणूंचा विचार करून आहार कसा बदलावा

आपण खातो त्यातलं बरंचसं लहान आतड्यातच संपतं. साखर, मैदा, तेल, लोणी, बहुतेक प्रथिनं हे सगळं सुमारे सहा मीटर लांबीच्या त्या नळीत पचतं आणि रक्तात जातं. जे उरतं ते पुढच्या दीड मीटरच्या मोठ्या आतड्यात उतरतं. शरीरातल्या जिवाणूंची मुख्य वस्ती तिथेच आहे. म्हणून ‘चांगल्या जिवाणूंसाठी काय खाऊ?’ असं विचारण्यापेक्षा ‘या पदार्थातलं मोठ्या आतड्यापर्यंत काय पोहोचतं?’ असं विचारलं की निम्मा गोंधळ मिटतो. फळाच्या गाळलेल्या रसातलं जवळपास काहीच पोहोचत नाही, सालासकट खाल्लेल्या फळातलं पोहोचतं. पांढऱ्या पावातलं फारसं नाही, अख्ख्या धान्यातलं बरंच.

ही वस्ती केवढी? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नेटक्या अंदाजानुसार सरासरी बांध्याच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी. वजन सगळं मिळून २०० ग्रॅमच्या आसपास. ‘जिवाणू आपल्या पेशींच्या दहापट’ हे वाक्य अजून सगळीकडे फिरतं, पण ते आता सोडून द्यायला हरकत नाही.

## तिथे नेमकं काय घडतं

वनस्पतींमधले तंतुमय पदार्थ, म्हणजे फायबर, तोडायला लागणारी बहुतेक विकरं आपल्याकडे नाहीतच. जिवाणूंकडे ती शेकडो प्रकारची असतात. ते फायबर आंबवतात आणि त्यातून तीन छोटी मेदाम्लं तयार होतात : अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. यातलं ब्युटिरेट विशेष महत्त्वाचं, कारण मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी रक्तातल्या साखरेपेक्षा त्याच्यावरच जास्त जगतात. जन्मापासून जिवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांमध्ये या पेशी अक्षरशः उपासमारीत असल्यासारख्या दिसतात आणि त्यांना ब्युटिरेट दिलं की सावरतात. हीच मेदाम्लं रोगप्रतिकारक पेशींनाही आवर घालतात, त्यामुळे विनाकारण धुमसणारा दाह कमी राहायला मदत होते.

फायबर मिळालंच नाही तर जिवाणू गप्प बसत नाहीत. आतड्याच्या आतल्या बाजूला चिकट श्लेष्माचा थर असतो, त्यातही शर्करा असतात. काही जिवाणू मग तोच कुरतडायला लागतात. उंदरांवरच्या २०१६ च्या एका प्रयोगात फायबर बंद केल्यावर हा थर पातळ झाला आणि आतड्याचा संसर्ग जास्त तीव्र झाला. माणसात अगदी असंच आणि एवढंच होतं असं म्हणता येणार नाही, पण दिशा कळते.

माणसांवरचा एक प्रयोग मात्र फार बोलका आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या २० कृष्णवर्णीय रहिवाशांचा आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातल्या २० जणांचा आहार दोन आठवड्यांसाठी अदलाबदल करण्यात आला. अमेरिकनांना भरपूर फायबर आणि कमी चरबी, आफ्रिकनांना त्याच्या उलट. अमेरिकन गटात ब्युटिरेटची निर्मिती सुमारे अडीचपट झाली, आफ्रिकन गटात निम्म्यावर आली. आतड्याच्या अस्तरातल्या दाहाच्या खुणाही त्याप्रमाणे खाली-वर झाल्या. फक्त दोन आठवड्यांत.

## सुरू करण्याआधी

शौचातून रक्त पडणं, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय, किंवा पन्नाशीच्या आसपास अचानक बदललेली शौचाची सवय, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग आहार. आतड्याचा काही भाग अरुंद झालेला असेल, नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा क्रोन्ससारखा आतड्याच्या दाहाचा आजार उसळलेला असेल, तर पुढे दिलेलं फायबर वाढवण्याचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. मूत्रपिंडाच्या रुग्णांनीही नाही. कडधान्यं, फळं आणि सुका मेवा यांतलं पोटॅशियम त्यांना अडचणीचं ठरू शकतं.

## पायरी १ : आठवडाभर काहीही न बदलता लिहून काढा

आज कुठे आहोत हे माहीत नसेल तर महिन्याने फरक पडला की नाही हे कळायला मार्ग नाही. तीन गोष्टी लिहायच्या.

पहिली, खाल्लेल्या वनस्पतींची नावं. धान्य, डाळ, भाजी, फळ, सुका मेवा, बिया, सगळं. गव्हाचा पाव, गव्हाचं बिस्किट आणि गव्हाचा पास्ता मिळून एकच नाव लिहायचं. हा हिशेब बहुतेकांना धक्का देतो.

दुसरी, शौचाचं स्वरूप. ब्रिस्टल स्केल नावाचा सात प्रकारांचा तक्ता डॉक्टर वापरतात. क्रमांक १ म्हणजे सुट्या कडक गोळ्या, क्रमांक ७ म्हणजे निव्वळ पाणी. ३ आणि ४, म्हणजे सलग, मऊ आणि फार जोर न लावता होणारं, हे चांगलं.

तिसरी, अन्न किती वेळात बाहेर पडतं. एका जेवणात मक्याचे उकडलेले दाणे खा आणि वेळ टिपा. मक्याच्या दाण्याचं साल पचत नाही, त्यामुळे ते नंतर दिसतं. साधारण एक ते दोन दिवस लागले तर ठीक. तीन-चार दिवस लागत असतील तर जिवाणूंचं फायबर मध्येच संपतं आणि ते प्रथिनांकडे वळतात. त्यातून अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड अशी द्रव्यं तयार होतात. वाऱ्याला येणारा उग्र वास मुख्यतः अशा गंधकयुक्त वायूंचा असतो. फायबर आंबवताना तयार होणारे हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांना वास नसतो.

## पायरी २ : फायबर वाढवा, पण सावकाश

सगळ्या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी रोज किमान २५ ग्रॅम फायबर सांगते. बाजारातलं तयार अन्न आणि मैदा यांवर दिवस काढणारा माणूस १५ ग्रॅमच्या पुढे सहसा जात नाही.

आकडे डोक्यात असले की ताट आखणं सोपं जातं. शिजवलेली मसूर किंवा हरभरे १०० ग्रॅम घेतले तर साधारण ७ ते ८ ग्रॅम फायबर मिळतं. कोरडे ओट्स ४० ग्रॅम म्हणजे ४ ग्रॅम, एक केळं ३, सालासकट मध्यम सफरचंद ४, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम बदाम ४, बहुतेक भाज्या १०० ग्रॅमला अडीचच्या आसपास. १०० ग्रॅम अख्ख्या गव्हाच्या पिठात १० ग्रॅमहून अधिक, मैद्यात जेमतेम ३.

आता बेरीज करू. सकाळी ओट्स आणि केळं, ७ ग्रॅम. दुपारी दीडशे ग्रॅम शिजवलेली मसूर, ११. दिवसभरात दोनशे ग्रॅम भाजी, ५. मधल्या वेळेत सफरचंद आणि बदाम, ८. एकूण ३१. यातून फक्त मसूर काढली तर आकडा २० वर येतो. भाज्या-फळं भरपूर खाऊनही फायबर कमी का पडतं, याचं उत्तर त्या एका वाटीत आहे. कोशिंबिरीने पोट भरल्यासारखं वाटतं, पण काकडी-टोमॅटो हे बहुतांशी पाणीच असतं. भर द्यायचा तो कडधान्यं आणि अख्ख्या धान्यांवर.

वेळापत्रक असं ठेवा : दर आठवड्याला रोजच्या प्रमाणात फक्त ५ ग्रॅमची वाढ. म्हणजे पहिल्या आठवड्यात एवढंच, की पांढऱ्या धान्याच्या जागी एक वेळ अख्खं धान्य आणि एक फळ जास्त. दुसऱ्या आठवड्यात रोज तीन-चार चमचे शिजवलेली डाळ किंवा कडधान्य. तिसऱ्यात ते दुप्पट. चौथ्यात बिया आणि सुका मेवा. लोक इथेच घाई करतात. पी हळद आणि हो गोरी, या हिशेबाने पहिल्याच दिवशी वाडगाभर राजमा खातात, रात्रभर पोट फुगतं आणि दुसऱ्या दिवशी ‘मला कडधान्यं सोसत नाहीत’ असा निकाल लागतो. सोसत नाहीत असं नसतं. ते आंबवणारे जिवाणू कमी असतात आणि काम एकदम अंगावर पडलेलं असतं. रोज थोडं मिळत राहिलं की काही आठवड्यांत गॅसची तक्रार बहुतेकांची कमी होते. आठवड्यातून एकदा भरपूर खाण्यापेक्षा रोज थोडं खाल्लेलं म्हणूनच बरं.

कडधान्यं रात्रभर भिजवा, ते पाणी ओता आणि ताज्या पाण्यात मऊ शिजवा. गॅस करणाऱ्या शर्करांचा काही भाग भिजवलेल्या पाण्यात उतरतो. फायबर वाढवताना पाणीही वाढवायचं, नाहीतर बद्धकोष्ठ उलट बळावतं.

पूड आणि भुकटीबद्दल. इसबगोल शौचाला मऊपणा देतं, कोलेस्टेरॉलही थोडं कमी करतं, पण ते जिवाणू फारसं आंबवत नाहीत. त्यांच्या दृष्टीने ते ताटावरून नुसतं पुढे जाणारं अन्न. इन्युलिन या विरघळणाऱ्या फायबरच्या भुकटीचं नेमकं उलट : ती झपाट्याने आंबते आणि गॅसही तसाच करते. दोन्ही वाईट नाहीत, पण ‘फायबर’ एवढ्या एका शब्दावर विकत घेऊ नका. पाकीटबंद धान्यपदार्थ घेताना मागचा तक्ता पाहा. दर १० ग्रॅम कर्बोदकांमागे किमान १ ग्रॅम फायबर असेल तर तो पदार्थ बरा. पुढच्या बाजूला ‘मल्टीग्रेन’ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, अनेक धान्यांचा मैदा हाही मल्टीग्रेनच असतो.

## पायरी ३ : नावं वाढवा

सगळं फायबर एकसारखं नसतं. कांदा-लसणात इन्युलिनच्या जातीची शर्करा, ओट्स आणि बार्लीत बीटा-ग्लुकान, सफरचंदात पेक्टिन, कडधान्यांत आणखी वेगळ्या साखळ्या. प्रत्येकावर जगणारे जिवाणू वेगळे. ‘अमेरिकन गट प्रोजेक्ट’ (इथे ‘गट’ म्हणजे इंग्रजीतलं gut, आतडं) या संशोधन प्रकल्पाने दहा हजारांहून अधिक लोकांचे नमुने तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. आठवड्याला ३० हून अधिक प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यात १० किंवा कमी खाणाऱ्यांपेक्षा जिवाणूंचं वैविध्य जास्त आढळलं. तीसचा आकडा काही दगडावरची रेघ नाही आणि हा संबंध म्हणजे कार्यकारणाचा पुरावाही नाही. पण रोजच्याच चार भाज्यांतून बाहेर पडायला तो आकडा कामाचा आहे.

सोपी युक्ती : एकाच डाळीऐवजी तीन-चार डाळी आणि कडधान्यं एका बरणीत मिसळून ठेवा. तीळ, जवस, सूर्यफूल आणि भोपळ्याच्या बिया दुसऱ्या बरणीत. दोन चमचे कशावरही टाकल्या की चार नावं झाली. मसाले आणि पालेदार स्वादाच्या वनस्पतीही धरा, पण चिमूटभर मिऱ्याला पूर्ण गुण देऊ नका!

## पायरी ४ : शिजवून थंड केलेला स्टार्च

बटाटा, भात किंवा पास्ता शिजवून थंड केला की त्यातल्या काही स्टार्चची रचना अशी घट्ट होते की लहान आतड्यातली विकरं तो तोडू शकत नाहीत. तो पुढे मोठ्या आतड्यात जातो आणि जिवाणूंना मिळतो. पुन्हा गरम केला तरी हा भाग बराचसा टिकतो. कच्च्या-हिरवट केळ्यातही असाच स्टार्च असतो, केळं पिकत जातं तसा तो साखर होतो.

भाताच्या बाबतीत मात्र सांभाळा. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात, भात बाहेर राहिला की वाढतात आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. शिजल्यावर पसरट भांड्यात लवकर निववा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा.

## पायरी ५ : आंबवलेलं, पण जिवंत

आंबवलेल्या दुधाची कीर्ती जुनी आहे. इल्या मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दह्याचा संबंध दीर्घायुष्याशी जोडला. त्याला १९०८ चं नोबेल मिळालं ते मात्र रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, दह्यासाठी नव्हे. दह्याला खरा आधार बऱ्याच उशिरा मिळाला. स्टॅनफर्डमध्ये ३६ निरोगी प्रौढांवर झालेला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. निम्म्यांना दही, केफिर (आंबवलेलं दूध), किमची (आंबवलेल्या भाज्या), कोंबुचा (आंबवलेला चहा) असे पदार्थ, निम्म्यांना भरपूर फायबर. दहा आठवड्यांच्या आहारानंतर आंबवलेलं खाणाऱ्या गटात जिवाणूंचं वैविध्य वाढलं आणि दाहाशी संबंधित १९ प्रथिनं कमी झाली. फायबरच्या गटात वैविध्य सरासरीने वाढलंच नाही.

मग पायरी २ वाया? मला तसं वाटत नाही. फायबरच्या गटात प्रतिसाद माणसागणिक वेगळा होता. ज्यांच्याकडे मुळात वैविध्य जास्त त्यांचा दाह कमी झाला. म्हणजे फायबर खाणारे जिवाणू आधी असावे लागतात. उंदरांवरच्या २०१६ च्या एका प्रयोगात पिढ्यान्‌पिढ्या फायबर न मिळाल्यावर काही जिवाणू इतके नाहीसे झाले, की नंतर फायबर देऊनही परतले नाहीत. तेव्हा दोन्ही बरोबरीने करा.

दुकानात घेताना पाहायचं ते असं. जिवंत कल्चर, म्हणजे जिवंत जिवाणू, असल्याचा उल्लेख आहे का? आंबवल्यानंतर पाश्चरायझेशन झालं असेल तर जिवाणू मेलेले असतात. व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या भाज्या आंबट असतात, आंबवलेल्या नसतात. पाव आंबवलेल्या पिठाचा असला तरी भट्टीत सगळे जिवाणू मरतात. फळांच्या चवीच्या दह्यात साखर किती आहे ते बघा, आणि मिठात आंबवलेल्या भाज्या रक्तदाब असणाऱ्यांनी बेताने खाव्यात. दूध न पचणाऱ्यांनाही दही अनेकदा चालतं, कारण त्यातले जिवाणू लॅक्टोज पचवायला हातभार लावतात. यातले बहुतेक जिवाणू आतड्यात मुक्काम करत नाहीत, काही दिवसांत निघून जातात. म्हणून थोडं, पण रोज.

## पायरी ६ : काय कमी करायचं

इथे फार वेळ घालवत नाही. ताटात वरचं सगळं आलं की नको ते आपोआप मागे हटतं. प्रक्रिया केलेलं मांस कमी करा. लाल मांसातल्या कार्निटिनपासून काही जिवाणू असं द्रव्य बनवतात, की यकृतात त्याचं टीएमएओ नावाचं रसायन होतं, आणि टीएमएओचं जास्त प्रमाण हृदयविकाराशी निगडित आढळलं आहे. पाकीटबंद पदार्थांतले काही इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारी द्रव्यं), उदाहरणार्थ पॉलिसॉर्बेट ८०, उंदरांमध्ये श्लेष्माचा थर बिघडवताना दिसले आहेत. माणसांवरचा पुरावा अजून तोकडा आहे, पण हे पदार्थ कमी खाण्यात तोटा काहीच नाही.

## पायरी ७ : अँटिबायोटिकचे दिवस

गरज असेल तर अँटिबायोटिक घ्यायचंच आणि डॉक्टरांनी सांगितलं तसंच घ्यायचं. सर्दी-फ्लूसाठी मात्र डॉक्टरांच्या मागे लागून लिहून घेऊ नका, विषाणूंवर त्याचा उपयोग नाही आणि आतड्यातल्या वस्तीला फटका बसतोच. तो फटका किती मोठा असू शकतो हे क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जिवाणूच्या संसर्गात दिसतं. बाकीचे जिवाणू साफ झाले की हा माजतो आणि भयंकर जुलाब होतात. नेदरलँड्समध्ये २०१३ च्या चाचणीत असा संसर्ग वारंवार होणाऱ्यांना निरोगी माणसाच्या मलातले जिवाणू नळीवाटे दिले गेले. पहिल्याच वेळी ८१ टक्के बरे झाले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवली.

अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूल घ्याव्यात का? अँटिबायोटिक सुरू असताना होणारे जुलाब त्यांनी काहींमध्ये कमी होतात, हे खरं. पण इस्राएलच्या वाइझमन संस्थेच्या २०१८ च्या प्रयोगात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परतायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा कित्येक महिने जास्त लागले. कॅप्सूलमधल्या पाहुण्यांनी जागा अडवली. औषध संपलं की साधं अन्न, मऊ शिजवलेली डाळ, ओट्स, दही आणि मग हळूहळू पायरी २, हा मार्ग मला जास्त पटतो. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांनी तर प्रोबायोटिक स्वतःच्या मनाने घेऊच नये.

घरबसल्या मलाचा नमुना पाठवून ‘तुमचा मायक्रोबायोम स्कोअर’ सांगणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नका. निरोगी वस्ती नेमकी कशी असते याचं सर्वमान्य मोजमापच अजून नाही, मग गुण कशाच्या तुलनेत देणार?

## पायरी ८ : थांबा आणि पाहा

जिवाणूंची रचना फार पटकन हलते. २०१४ च्या एका अभ्यासात केवळ मांस-अंडी-चीज किंवा केवळ वनस्पतिजन्य आहार दिल्यावर दिवसाभरातच फरक दिसू लागला. पाच दिवसांचा तो आहार थांबल्यावर साधारण दोन दिवसांत सगळं पूर्ववत झालं. म्हणून आठ दिवसांचं ‘डिटॉक्स’ करण्यात अर्थ नाही. सहा ते आठ आठवडे द्या, मग पहिल्या आठवड्याच्या तीन नोंदी पुन्हा करा.

शौच ३-४ क्रमांकाकडे सरकलं, मक्याचे दाणे वेळेत आले आणि गॅस आटोक्यात असला, तर तेच चालू ठेवा. उलट सावकाश वाढवूनही रोज पोट दुखत असेल, फुगत असेल, तर आतड्याची संवेदनशीलता, म्हणजे आयबीएस, असू शकते. मोनाश विद्यापीठात विकसित झालेला लो-फॉडमॅप आहार अशा अनेकांना उपयोगी पडतो. त्यात कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, काही फळं असे चटकन आंबणारे पदार्थ तात्पुरते बंद होतात. हा आहार आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावा आणि बंदीचा टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच असतो. बरं वाटतंय म्हणून वर्षभर तोच चालू ठेवणारे लोक स्वतःच्याच जिवाणूंना उपाशी ठेवतात.

परत सुरू करताना एका वेळी एकच पदार्थ घ्या. पहिल्या दिवशी चमचाभर शिजवलेला कांदा, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी चार. मग दोन-तीन दिवस सोडा आणि पुढचा पदार्थ. त्रास झाला तर तो पदार्थ कायमचा बाद करू नका. किती प्रमाणाला त्रास झाला ते टिपून ठेवा, त्याच्या खालच्या प्रमाणावर या आणि दोन महिन्यांनी पुन्हा करून बघा.